शरीरदुर्गाचे पहारेकरी

बीड जिल्ह्यातील धारूर हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. गावाच्या जवळच, दरीच्या कडेला, एक जुना किल्ला उभा आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने तो बांधविला. पुढे अहमदनगरच्या निजामशहाने तो जिंकून घेतला आणि १६३१ साली तो मोगलांच्या हाती पडला. त्याचे तट रुंद आहेत, बुरूज भक्कम आहेत. तरीही तो एकाच धन्याकडे कायम राहिला नाही. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. किल्ला केवळ दगडचुन्याच्या बळावर राखला जात नाही. तट कितीही उंच असला, तरी त्यावरचा पहारेकरी डोळ्यांत तेल घालून जागा असावा लागतो. शत्रू दिसताच त्याने नगारा वाजवावा लागतो, आणि नगारा ऐकताच आतल्या शिबंदीने शस्त्र उचलावे लागते. या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट चुकली, तरी किल्ला धोक्यात येतो.

मनुष्याचे शरीर हाही एक दुर्गच आहे. त्वचा हा त्याचा तट. नाक, तोंड, डोळे हे त्याचे दरवाजे. हवेतून, पाण्यातून, अन्नातून असंख्य रोगजंतू या दुर्गावर अहोरात्र चाल करून येत असतात. त्यांतील बहुतेक तटाबाहेरच अडतात. पण एखादी जखम झाली, एखादा दरवाजा उघडा राहिला, की ते आत घुसतात. आत घुसलेल्या शत्रूशी सामना देण्याचे काम रक्तातील पांढऱ्या पेशी करतात. रक्ताच्या एका घनमिलिमीटर एवढ्या सूक्ष्म थेंबात तांबड्या पेशी सुमारे पन्नास लाख असतात, तर पांढऱ्या पेशी साधारणपणे चार हजार ते अकरा हजारच असतात. संख्येने इतक्या थोड्या असूनही दुर्गाचे सारे रक्षण त्यांच्यावर अवलंबून असते.

या पेशींमध्येही कामाची वाटणी झालेली आहे. काही भक्षक पेशी असतात. त्या वाटेत भेटलेल्या जंतूला चारही बाजूंनी वेढून गिळून टाकतात. एवढेच करून त्या थांबत नाहीत. गिळलेल्या जंतूचे तुकडे त्या आपल्या अंगावर मिरवितात आणि ‘असा शत्रू आला आहे’ ही वर्दी दुसऱ्या पेशींना देतात. ही वर्दी घेणाऱ्या पेशींना टी पेशी म्हणतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी आहे. तेथे या पेशी तयार होऊन बाहेर पडतात, म्हणून त्या ग्रंथीच्या नावावरून त्यांना हे नाव मिळाले. एरवी टी पेशी शांत असतात. परंतु आपल्या ओळखीच्या शत्रूची वर्दी मिळताच त्या खडबडून जाग्या होतात. एकीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ अशा त्या वाढत जातात आणि थोड्याच दिवसांत एका शिपायाच्या जागी एक पलटण उभी राहते. ताप आलेला मनुष्य काही दिवसांनी बरा होतो, त्यामागे बहुधा याच पलटणीचा पराक्रम असतो.

पांढऱ्या पेशींचे हे कार्य मनुष्याला फार उशिरा समजले. १८८२ साली मेचनिकॉफ नावाचे रशियन शास्त्रज्ञ इटलीतील मेसिना या गावी समुद्रातील प्राण्यांचा अभ्यास करीत होते. त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात एक बारीकसा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतात, तो काट्याभोवती पेशींनी गराडा घातला होता! बाहेरून आलेल्या वस्तूवर शरीरातील पेशी धावून जातात, ही गोष्ट त्या दिवशी त्यांना उमगली. या संशोधनाबद्दल १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. याच मेचनिकॉफ यांचे एक विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन हे होत. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा हाफकिन मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगवरील लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. लस म्हणजे तरी काय? शत्रू दारात येण्यापूर्वीच पहारेकऱ्यांना त्याची ओळख करून देणे, हेच लसीचे काम. मुंबईतील परळ येथे असलेली हाफकिन संस्था या थोर संशोधकाची स्मृती आजही जागवीत आहे.

असा हा अभ्यास वाढत गेला. पण तो सारा पृथ्वीवर झालेला होता आणि त्यामुळे एका गोष्टीकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते. ती गोष्ट म्हणजे पृथ्वीची ओढ. बालाघाटाच्या माळावरील सीताफळ देठापासून सुटले, की खाली पडते. पावसाचे पाणी घाटातून खालीच वाहते. कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीवर पहिला जीव जन्मला, तेव्हापासून आजपर्यंत या ओढीतून एकही प्राणी किंवा एकही वनस्पती सुटलेली नाही. जी गोष्ट सर्वकाळ आणि सर्वत्र असते, तिचा परिणाम ओळखावा कसा? रात्र झालीच नसती, तर दिवस म्हणजे काय हे कोणाला कळले असते? पांढऱ्या पेशींच्या कामाला पृथ्वीच्या ओढीचा काही आधार आहे किंवा नाही, हे जाणण्यासाठी ती ओढ क्षणभर तरी दूर करून पाहणे आवश्यक होते. ते जमिनीवर शक्य नव्हते. मनुष्याने अंतराळात पाऊल टाकले, तेव्हा प्रथमच ती संधी आली.

अंतराळयानात मनुष्य तरंगतो, हे सर्वांनी चित्रांत पाहिलेले असते. तेथे पृथ्वीची ओढ पोहोचत नाही, असा अनेकांचा समज असतो. पण तो बरोबर नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. धारूरहून मुंबईला जाण्यास सडकेने जेवढी वाट चालावी लागते, जवळजवळ तेवढेच हे अंतर. एवढ्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरील ओढीच्या नऊ दशांशांच्या आसपास असतेच असते. मग वस्तू तरंगतात कशा? समजा, धारूरच्या बुरुजावरून एक तोफगोळा डागला. तो वळण घेत दरीपलीकडे जाऊन पडेल. अधिक वेगाने डागला, तर अधिक दूर पडेल. हवेचा अडथळा नसेल आणि गोळ्याचा वेग पुरेसा प्रचंड असेल, तर गोळा जेवढा खाली येईल, तेवढीच पृथ्वीची गोल पाठही त्याच्याखाली वळत जाईल आणि तो कधी जमिनीला टेकणारच नाही. अंतराळ स्थानक हा असाच एक गोळा आहे. ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने ते दीड तासात पृथ्वीची एक फेरी पूर्ण करते. ते सतत पडतच असते, आणि त्याच्याबरोबर आतली माणसे, भांडी, पाण्याचे थेंब हे सारे सारख्याच वेगाने पडत असते. म्हणून कोणाचाच भार कोणावर पडत नाही. या स्थितीला भारहीनता किंवा सूक्ष्म गुरुत्व असे म्हणतात.

या भारहीन जगात गेलेल्या पहिल्या प्रवाशांनाच काही अनुभव आले. ऑक्टोबर १९६८ मध्ये ‘अपोलो ७’ या यानातील प्रवाशांना सर्दीने गाठले. जमिनीवर वाहून जाणारे नाक तेथे वाहीनासे झाले, आणि साधी सर्दीही त्यांना असह्य झाली. एप्रिल १९७० मध्ये ‘अपोलो १३’ च्या उड्डाणापूर्वी केन मॅटिंग्ली या अंतराळवीराचा गोवरासारख्या एका रोगाच्या रोग्याशी संपर्क आल्याचे कळले, तेव्हा आयत्या वेळी त्यांच्या जागी दुसऱ्याची योजना करावी लागली. अपोलो मोहिमांतून अंतराळात जाऊन आलेल्या २९ जणांपैकी १५ जणांना प्रवासात किंवा परतल्यावर आठवड्याभरात जंतूंपासून होणारा कोणता ना कोणता आजार झाला, असे नोंदींवरून दिसून आले. निरोगी, बळकट आणि पारखून निवडलेल्या माणसांची ही अवस्था! प्रवासातील दगदग, अपुरी झोप, मनावरील ताण ही कारणे तर होतीच. पण दुर्गाचे पहारेकरीच तेथे सुस्तावत असतील काय, अशी शंका शास्त्रज्ञांना येऊ लागली.

पुष्कळांना ही शंका निराधार वाटली. टी पेशी इतकी लहान असते, की एका मिलिमीटरच्या अंतरात शंभराहून अधिक पेशी ओळीने बसतील. एवढ्याशा कणाला स्वतःचे वजन ते किती आणि त्याला पृथ्वीची ओढ जाणवणार तरी कशी? हत्तीला खालून आधार लागेल. धुळीच्या कणाला त्याची काय पर्वा? हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता. परंतु विज्ञानात युक्तिवादाने निकाल लागत नाही, तो प्रयोगाने लागतो.

हा प्रयोग स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील ऑगुस्तो कोगोली या शास्त्रज्ञांनी केला. त्यांनी योजलेली युक्ती मोठी मार्मिक होती. अबईच्या तलवारीसारख्या लांब शेंगा पुष्कळांनी पाहिल्या असतील. त्याच जातीच्या एका शेंगेच्या दाण्यांतून एक प्रथिन काढता येते. त्याचा गुण असा, की त्याचा स्पर्श होताच टी पेशींना शत्रू आल्याचा भास होतो आणि त्या भराभर वाढू लागतात. जणू शत्रू नसतानाच कोणी नगारा वाजवावा आणि शिबंदी किती चपळाईने उठते ते पाहावे! कोगोली यांनी मानवी रक्तातून वेगळ्या काढलेल्या पेशी लहान कुप्यांत भरल्या. २८ नोव्हेंबर १९८३ रोजी ‘कोलंबिया’ हे यान स्पेसलॅब नावाची प्रयोगशाळा घेऊन प्रथमच अंतराळात गेले, तेव्हा त्या कुप्याही त्याच्याबरोबर गेल्या. आकाशात पोहोचल्यावर पेशींत ते प्रथिन मिसळण्यात आले आणि शरीराइतक्याच उबेत त्या ठेवण्यात आल्या. त्याच वेळी जमिनीवरील तशाच पेशींवर तसाच प्रयोग चालू होता.

यान परतले. पेशी तपासण्यात आल्या. निष्कर्ष पाहून कोगोली यांनाही नवल वाटले असेल. जमिनीवरील पेशींत जेवढी वाढ झाली होती, तिच्या शेकडा तीन भागांइतकीही वाढ आकाशातील पेशींत झाली नव्हती. नगारा वाजला होता. पण शिबंदी उठली नव्हती. १९८४ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि जगातील शास्त्रज्ञांचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले.

तथापि चिकित्सक मनाचे समाधान एवढ्याने होत नाही. यान आकाशात झेपावते, तेव्हा भयंकर हादरे बसतात. त्या हादऱ्यांनी पेशी दुबळ्या झाल्या नसतील कशावरून? आकाशात सूर्याकडून आणि दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या तीव्र किरणांचा मारा असतो. त्याचा तर हा परिणाम नसेल? आकाशातील पेशी आणि जमिनीवरील पेशी यांच्या परिस्थितीत एक नव्हे, तीन फरक होते. यांपैकी खरा गुन्हेगार कोणता, हे ठरवायचे तर बाकीचे दोन फरक नाहीसे केले पाहिजेत. म्हणजे हादरे तेच, किरण तेच, आणि तरीही एका कुपीला भार आहे, दुसरीला नाही, अशी योजना करावयास हवी. भारहीन आकाशात भार आणायचा कोठून?

याचे उत्तर मराठवाड्यातील ज्वारीच्या शेतात पाहावयास मिळते. कणसे भरू लागली, की पाखरांपासून पीक राखण्यासाठी राखणदार गोफण घेऊन उभा राहतो. गोफण गरगर फिरविली, की आतील दगड बाहेरच्या बाजूस रेटला जातो आणि गोफणीची दोरी हाताला ताणते. फिरणाऱ्या वस्तूला असा बाहेरचा रेटा जाणवतो. कुप्या एका चाकावर बसवून ते चाक ठरावीक वेगाने फिरविले, तर कुपीतील पेशींना कुपीच्या तळाकडे रेटा मिळतो आणि तो पृथ्वीच्या ओढीएवढा करता येतो. अशा यंत्राला अपकेंद्री यंत्र म्हणतात. १९८५ साली ३० ऑक्टोबरला ‘चॅलेंजर’ यान आकाशात गेले, तेव्हा कोगोली यांच्या पेशींबरोबर असे एक चाकही होते. काही कुप्या स्थिर ठेवल्या होत्या, काही चाकावर फिरत होत्या. दोन्ही एकाच यानात होत्या. दोघींनी सारखेच हादरे सोसले होते. दोघींवर सारखेच किरण पडत होते. स्थिर कुप्यांतील पेशी पूर्वीप्रमाणेच मंद राहिल्या. चाकावर फिरणाऱ्या कुप्यांतील पेशी मात्र जाग्या होऊन वाढल्या. आता संशयाला जागा उरली नाही. त्या चिमुकल्या पेशींना सुस्त करणारी गोष्ट म्हणजे भाराचा अभावच होय.

येथे कथा संपली असे कोणास वाटेल. पण निसर्ग आपले रहस्य एका दमात सांगत नाही. जून १९९१ मध्ये ‘कोलंबिया’ यानातून कोगोली यांनी आणखी एक प्रयोग पाठविला. या वेळी त्यांनी पेशींना मोकळे तरंगू दिले नाही. त्यांना चिकटून बसता येईल असे बारीक मणी त्यांच्यात मिसळले. आणि काय आश्चर्य! भारहीन स्थितीतही पेशी जाग्या झाल्या. इतकेच नव्हे, तर जमिनीवरील पेशींच्या जवळजवळ दुप्पट वाढल्या. याचा अर्थ असा, की पेशींना कशाचा आधार आहे, शेजारच्या पेशी त्यांना भेटतात की नाही, यावरही त्यांचे वागणे अवलंबून असते. नगारा वाजवून भागत नाही. पहारेकरी आणि शिपाई यांची गाठही पडावी लागते.

त्याच उड्डाणात मिली ह्यूज-फुलफर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञ महिला स्वतः प्रवासी म्हणून गेल्या होत्या. पृथ्वीवर परतल्यावरही त्यांनी पेशींच्या अभ्यासाचा ध्यास सोडला नाही. पेशी जागी होत नाही हे खरे. पण तिच्या आत नेमके अडते कोठे, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. प्रत्येक पेशीच्या केंद्रात जनुकांच्या रूपाने सूचनांचे एक भांडार असते. पेशीला चेतना मिळाली, की या भांडारातील ठरावीक सूचना अमलात येतात आणि पुढची कामे सुरू होतात. २००६ साली अंतराळ स्थानकावर पाठविलेल्या टी पेशींची त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली. या प्रयोगातही काही पेशी फिरत्या चाकावर ठेवल्या होत्या. चाकावरील पेशींमध्ये चेतना मिळाल्यापासून दीड तासातच जी जनुके कामाला लागली होती, त्यांतील अनेक जनुके भारहीन पेशींमध्ये स्तब्ध होती. किल्लेदाराला वर्दी पोहोचली; पण त्याच्या कचेरीतून हुकूमच सुटला नाही, असा हा प्रकार होता.

सर्वच पेशी सारख्या वागतात, असेही नाही. २०१५ साली अंतराळ स्थानकावर उंदराच्या भक्षक पेशींवर एक प्रयोग करण्यात आला. भक्षक पेशी जंतूला मारण्यासाठी जी विषारी द्रव्ये सोडतात, त्यांचे प्रमाण क्षणोक्षणी मोजण्याची व्यवस्था त्यात केली होती. भार नाहीसा होताच त्यांचे हे काम मंदावले. परंतु अवघ्या ४२ सेकंदांत त्या सावरल्या आणि पूर्ववत काम करू लागल्या. एका जातीचे शिपाई दिवसेंदिवस गोंधळलेले राहतात, तर दुसऱ्या जातीचे एका मिनिटाच्या आत नव्या परिस्थितीशी जुळवून घेतात! पेशीच्या आत अत्यंत बारीक तंतूंची एक चौकट असते. तिच्यामुळे पेशीला आकार येतो. भार नाहीसा झाल्यावर या चौकटीची मांडणी बदलते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. बहुधा त्या तंतूंच्या द्वारेच पेशीला ओढीची जाणीव होत असावी, असे शास्त्रज्ञांना वाटते. या दिशेने संशोधन चालू आहे.

कुपीतील पेशींचे हे झाले. प्रत्यक्ष माणसाच्या शरीरात काय घडते? लहानपणी ज्याला कांजिण्या येऊन गेल्या, त्याच्या शरीरातून त्या रोगाचे विषाणू पूर्णपणे जात नाहीत. ते मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतात. पहारेकरी जागे असतात, तोवर त्यांचे काही चालत नाही. पहारा ढिला पडला, की तेच विषाणू पुन्हा डोके वर काढतात. त्यातून होणाऱ्या रोगाला लोक नागीण म्हणतात. अमेरिकेत काम करणारे सतीश मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी अंतराळवीरांच्या लाळेत व इतर नमुन्यांत अशा दडून बसलेल्या विषाणूंचा शोध घेतला. २०१९ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. थोड्या दिवसांच्या उड्डाणांवर गेलेल्या ८९ प्रवाशांपैकी ४७ जणांत, आणि अंतराळ स्थानकावर दीर्घकाळ राहिलेल्या २३ जणांपैकी १४ जणांत हे विषाणू पुन्हा जागे झालेले आढळले. बहुतेकांना त्याचा त्रास झाला नाही. तरीही जेथे मुक्काम लांबतो, तेथे असे प्रवासी अधिक आढळावेत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. अर्थात येथे भारहीनतेबरोबर मनाचा ताण, झोपेची कमतरता आणि किरणांचा मारा ही कारणेही एकत्र आलेली असतात. कुपीतील पेशींप्रमाणे माणसाला चाकावर बसवून ती वेगळी करता येत नाहीत.

मनुष्याला आता मंगळाचे वेध लागले आहेत. तेथे पोहोचण्यासच सहा ते नऊ महिने लागतील. वाटेत कोणी आजारी पडला, तर त्याला परत आणता येणार नाही. जवळ वैद्य नाही, इस्पितळ नाही. यानाची भिंत कितीही मजबूत असो, प्रवाशाच्या शरीरातील पहारेकरी झोपी गेले, तर ती भिंत त्याला वाचवू शकणार नाही. म्हणून हे पहारेकरी जागे कसे ठेवावे, याचा शोध घेणे अगत्याचे आहे. या शोधाचा लाभ केवळ अंतराळवीरांनाच होणार नाही. वृद्धपणी मनुष्याच्या टी पेशी मंदावतात आणि साधा तापही जिवावर बेततो. ज्या जनुकांच्या स्तब्धतेमुळे आकाशातील पेशी जागी होत नाही, त्यांचा अभ्यास करता करता वृद्धांच्या पेशी का मंदावतात, हेही उलगडेल, अशी आशा ह्यूज-फुलफर्ड यांना वाटत असे. आकाशात पाठविलेल्या एका कुपीतील ज्ञान पृथ्वीवरच्या घराघरांतील आजी-आजोबांच्या उपयोगी पडावे, यापेक्षा अधिक काय हवे?

भारतानेही भारहीन जगातील सजीवांच्या अभ्यासात पाऊल टाकले आहे. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा भारहीन स्थितीत योगासनांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्यांनी पाहिले. २०२५ साली शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी मूग आणि मेथी यांच्या दाण्यांना तेथे मोड आणविले. त्याच मोहिमेत भारतीय शास्त्रज्ञांनी योजलेला, स्नायूंच्या पेशींच्या वाढीविषयीचा प्रयोगही त्यांनी केला. मोड कसे येतात, स्नायू कसे वाढतात, पहारेकरी पेशी कशा जागतात, हे प्रश्न निरनिराळे दिसले, तरी त्यांच्या मुळाशी एकच जिज्ञासा आहे : ज्या ओढीच्या कुशीत सारी जीवसृष्टी वाढली, त्या ओढीवाचून ती कशी वागेल?

या अभ्यासाने मनुष्याला एक नम्रतेचा धडा दिला आहे. पृथ्वीची ओढ म्हणजे पायांतील बेडी, ती तोडून आकाशात झेप घ्यावी, असे माणसाला आजवर वाटत आले. परंतु तीच ओढ त्याच्या रक्तातील अदृश्य पहारेकऱ्यांना न बोलता आधार देत होती, हे तिच्यापासून दूर गेल्यावरच त्याला समजले. आणि समजले तेही एका साध्या, प्रामाणिक पद्धतीने : दोन गोष्टी सर्व बाबतींत सारख्या ठेवाव्या, एकाच बाबतीत फरक करावा, आणि जे दिसेल ते मान्य करावे. ही पद्धत ज्याला साधली, त्याला संशोधनाची वाट धारूरच्या शाळेतूनही सापडेल.

स्वाध्याय

१. ‘किल्ला केवळ दगडचुन्याच्या बळावर राखला जात नाही’ हे विधान मनुष्याच्या शरीराला कसे लागू पडते, ते लिहा.
२. अंतराळ स्थानकावर पृथ्वीची ओढ असूनही तेथील वस्तू तरंगतात. याचे कारण तोफगोळ्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. १९८३ सालच्या प्रयोगानंतर कोणत्या शंका उरल्या होत्या? १९८५ सालच्या प्रयोगाने त्यांचे निरसन कसे झाले?
४. पुढील विधानांची कारणे द्या :
 (अ) कोगोली यांनी पेशींत शेंगेच्या दाण्यातील प्रथिन मिसळले.
 (आ) १९९१ सालच्या प्रयोगात पेशींबरोबर बारीक मणी ठेवले होते.
५. डोळ्यांत तेल घालणे, थैमान घालणे, डोके वर काढणे, जिवावर बेतणे या वाक्प्रचारांचा अर्थ सांगून स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
६. मुगाचे थोडे दाणे उजेडात व तेवढेच दाणे अंधारात मोड येण्यास ठेवा. पाणी, हवा आणि ऊब दोन्हींकडे सारखी राहील अशी काळजी घ्या. आठ दिवस रोज निरीक्षण करा आणि काय फरक आढळला ते वहीत नोंदवा.